अमेरिकेतील इसमाचा मजकूर

"सर, कविता ऐकून माणूस काही करतो का? एका वाक्यात उत्तर द्या," बिराजदारबाई म्हणाल्या.

हुपरीकर सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. "बाई, हा प्रश्न पंधरा मार्कांचा आहे."

"कोर्टात पंधरा मार्कांचे प्रश्न नसतात. हो किंवा नाही."

"मग नाही म्हणायचं?"

"ठाम म्हणायचं. विचार करून म्हणताय असं वाटता कामा नये."

सरांच्या बाहेरच्या खोलीत आम्ही चौघं होतो. बिराजदारबाई वकिलीचा काळा कोट मांडीवर घडी करून बसल्या होत्या. मी चिवड्याची बशी घेऊन वेताच्या खुर्चीत होतो, म्हणजे नेहमी असायचो तिथंच. मी कॉलेजात नवा होतो, इंग्रजी विभागात सरांच्या हाताखाली लागलो होतो, आणि हाताखालच्या माणसाचं पहिलं काम साहेबाच्या घरचा चिवडा संपवणं हे असतं. चौथी चंद्राबाई. तिला दोनदा खुर्ची दाखवूनही ती दाराशी जमिनीवरच बसली होती. तिचा मुलगा सुदाम खरटमल आमचा जुना विद्यार्थी. तो तुरुंगात होता आणि उद्या सर त्याच्या बाजूनं साक्ष देणार होते.

"मास्तर," चंद्राबाई म्हणाली, "पुस्तक तुमचंच हाय न्हवं? मग तुमीच सांगा त्यात वंगाळ काय न्हाई म्हनून. तुमचं ऐकतील."

"चांगलं पुस्तक आहे हो ते," सर म्हणाले.

"चांगलं म्हणू नका," बिराजदारबाई म्हणाल्या. "निरुपद्रवी म्हणा."

सरांनी चिवड्यात खडा लागावा तसं तोंड केलं. चिवडा मी खात होतो.

ते पुस्तक म्हणजे एका अमेरिकन कवीची समग्र कविता. विटेएवढं जाड. कवी मागच्याच्या मागच्या शतकातला, कोळशाच्या खाणींच्या गावात पोस्टात कारकुनी करायचा आणि टपाल वाटून झालं की लिहायचा. त्याचं नाव सांगत नाही. सर त्याला 'आपला म्हातारा' म्हणायचे आणि विभागात तेच नाव चालायचं. 'म्हाताऱ्याचे दोन तास झाले, एक राहिला,' असं वेळापत्रकात लिहिलेलं मी पाहिलंय. म्हातारा अजूनही अभ्यासक्रमात आहे. दर काही वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते, कागद अधिक गुळगुळीत होतो आणि प्रस्तावनेत कुणीतरी त्याला कालातीत म्हणतं. आमच्या गावात तो कसा वाचला गेला, याची नोंद त्या प्रस्तावनांत सापडायची नाही.

आमचं गाव मागांचं. खटखट थांबली की लोकांना झोपेतून जाग यायची. त्या वर्षी एका मोठ्या कारखान्यातल्या कामगारांनी संप केला आणि खटखट पुष्कळ दिवस थांबली. एका संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर सभा झाली. पुढाऱ्यांची भाषणं झाली, ती ऐकून लोक होते तिथंच बसून राहिले. शेवटी सुदाम उठला. दिवसा कॉलेज आणि रात्रपाळीला माग चालवत बीए झालेला, आता त्याच कारखान्यात हजेरी लिहिणारा. त्यानं सरांकडून नेलेलं ते जाड पुस्तक काढलं आणि म्हाताऱ्याची 'बूट' ही कविता मराठीत करून वाचली.

कविता लहान आहे. खाणकामगारांची वस्ती झोपलेली आहे. कुणी हाक मारत नाही, घंटा वाजत नाही. एक जण अंधारात बूट घालतो. त्याचा आवाज भिंतीपलीकडच्याला ऐकू जातो. तोही बूट घालतो. मग पलीकडचा. संपली. कुठं चाललेत, कशाला, काही नाही. सुदामनं बुटांच्या जागी चपला केल्या, कारण गेटवर बूट घातलेला माणूस एकच होता आणि तो बंदोबस्तावरचा हवालदार होता.

त्या हवालदाराचा अहवाल पुढं आम्हाला वाचायला मिळाला. 'आरोपी याने अमेरिकेतील इसमाचा मजकूर मोठ्याने वाचून जमावास उठविले. मजकुरात चपलांचा उल्लेख आहे.' इतकं नेमकं परीक्षण म्हाताऱ्याला त्याच्या देशातही लाभलं नसावं.

जमाव उठला, गेटातून आत गेला आणि सुताचं गोदाम पेटलं. आत बसप्पा नावाचा म्हातारा वॉचमन झोपलेला होता. तो बाहेर आला नाही.

आग कुणी लावली ते पोलिसांना सापडलं नाही. सापडला तो सुदाम, कारण तो पळाला नव्हता. गोदामासमोर पुस्तक काखेत धरून उभा होता. चिथावणी दिली म्हणून त्याच्यावर खटला भरला आणि पुस्तक मुद्देमाल म्हणून जप्त झालं.

"आता मंगळवेढेकर काय विचारतील ते ऐका," बिराजदारबाई म्हणाल्या. मंगळवेढेकर म्हणजे सरकारी वकील. "ते म्हणतील, कविता प्रक्षोभक आहे. आपण म्हणायचं, ही विद्यापीठानं लावलेली कविता आहे. दर वर्षी शेकडो मुलं वाचतात. आजपर्यंत एकानंही काही केलेलं नाही. न्यायाधीश स्वतः बीए इंग्रजी आहेत. त्यांना लगेच पटेल."

"त्यांनी काहीच केलेलं नाही म्हणून?" मी विचारलं.

"मोकाशी, तुम्ही चिवडा खा."

"बाई," सर म्हणाले, "मी तीस वर्षं वर्गात सांगत आलोय, की या कवितेत ताकद आहे."

"वर्गात कोण ऐकतं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं. खरं म्हणजे त्या तासाला मी अनेकदा मागं बसलो होतो. सर पुस्तक न उघडता, डोळे मिटून 'बूट' म्हणायचे. शेवटच्या ओळीनंतर डोळे उघडायचे नाहीत. वर्गात शांतता पसरायची आणि मग तिसऱ्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "सर, हे परीक्षेला येणार का?" मग सर डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "येईल. संदर्भासह स्पष्टीकरणाला."

सुदाम रात्रपाळी करून यायचा आणि शेवटच्या बाकावर झोपायचा. सर त्याला झोपू द्यायचे. ते मला एकदा म्हणाले होते, की 'बूट' म्हणताना तो एकटा जागा झाला. डोकं वर केलं आणि खाली केलं नाही. तास संपल्यावर येऊन त्यानं पुस्तकच मागितलं. नोट्स मागितल्या नाहीत. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं म्हणाले. मला वाटलं, वाढवून सांगतायत.

"म्हणजे उद्या मी शपथेवर सांगायचं, की तीस वर्षं मी जे वाचून दाखवलं त्याचा कुणावर काडीचा परिणाम झाला नाही," सर म्हणाले.

"एवढंच."

"आणि मग सुदाम सुटेल?"

"बाकी पुरावा आहेच कुठं? आग लावताना त्याला कुणी पाहिलं नाही. 'चला' असंही तो म्हणाला नाही, हवालदारच सांगतो. त्यांच्याकडे फक्त कविता आहे. ती तुम्ही काढून घ्या."

चंद्राबाई सरकत पुढं आली आणि सरांच्या पायाला हात लावायला लागली. सर इतके घाईनं उठले, की खुर्ची मागं पडली.

"सांगतो हो बाई, सांगतो," ते म्हणाले. "त्यात काय. खरंच आहे ते."

दुसऱ्या दिवशी कोर्टात गेलो. सरांनी लग्नाकार्यात घालायचा कोट घातला होता. सुदामला दोन पोलिसांनी आणलं. तो हडकला होता, पण केस नीट विंचरलेले होते. सरांना पाहून त्यानं हात जोडले, बेडीसकट. सरांनी मान हलवली, वर्गात उशिरा आलेल्याला 'ये, बस' म्हणताना हलवायचे तशी.

समोरच्या टेबलावर मुद्देमाल ठेवला होता. अर्धा जळका कंदील, एक कुलूप आणि कापडात शिवून लाखेचं सील मारलेला म्हातारा. गळ्यात नंबराची चिठ्ठी होती. सर शपथ घेताना साक्ष खोटी देणार नाही असं म्हणत होते आणि त्यांची नजर त्या गाठोड्यावर होती.

ज्यांनी कोर्ट पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. साक्षीदार काय बोलतो ते जसंच्या तसं उतरत नाही. तो बोलतो, मग न्यायाधीश ते आपल्या भाषेत टायपिस्टला सांगतात आणि टायपिस्ट बडवतो. माणूस आत जाताना माणसासारखा बोलतो आणि कागदावर सरकारी होऊन बाहेर येतो.

"आपण ही कविता किती वर्षं शिकवता?" बिराजदारबाईंनी सुरुवात केली.

"नोकरीला लागल्यापासून. तीसेक वर्षं."

"लिहा," न्यायाधीश म्हणाले, "मी सदर कविता सुमारे तीस वर्षांपासून शिकवीत आहे." खटखट खटखट.

"ती ऐकून कुणा विद्यार्थ्यानं कधी काही दंगा, मारामारी, जाळपोळ?"

"नाही."

"मोर्चा?"

"नाही."

"निदान फीमाफीचा अर्ज?"

"तोही वेगळ्या कारणासाठी करतात."

न्यायाधीशांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "लिहा. सदर कवितेमुळे विद्यार्थ्यांच्या वर्तनात कोणताही फरक पडल्याचे माझ्या पाहण्यात नाही."

"आपलं मत काय सर? ही कविता ऐकून माणूस काही करतो का?"

बाईंनी सांगितलं होतं की विचार करायचा नाही. सरांनी केला नाही. "नाही," ते म्हणाले.

"लिहा. सदर कविता ऐकून मनुष्य काहीही करीत नाही."

टाइपरायटरची घंटी वाजली, ओळ संपली. चंद्राबाई समोरच्या बाकावर पदर दातात धरून बसली होती. तिनं तो सोडला.

मंगळवेढेकर उलटतपासणीला उठले. त्यांच्या हातात एक पिवळं, पातळ, कडा दुमडलेलं पुस्तक होतं. आमच्या विद्यापीठातला कुठलाही मुलगा ते अंधारात ओळखेल. बीएच्या इंग्रजी कवितेचं गाईड. वर लेखकाच्या जागी छापलेलं, 'एक अनुभवी प्राध्यापक'.

"हे अनुभवी प्राध्यापक आपल्या ओळखीचे आहेत का?"

"मीच आहे."

"यात 'बूट' या कवितेखाली लिहिलंय, मी मराठीत सांगतो. 'ही कविता वाचकाच्या मनात ठिणगी टाकते. ती वाचून स्वस्थ बसणं अशक्य आहे.' हे वाक्य आपलं?"

"माझं."

"मग इथं 'काहीही करीत नाही' आणि तिथं 'स्वस्थ बसणं अशक्य'. यातलं खोटं कुठलं?"

"गाईडातलं."

"म्हणजे मुलांना आपण खोटं शिकवता?"

"पंधरा मार्कांपुरतं."

कोर्टात हशा झाला. पट्टेवाल्यानं 'शांतता' म्हणताना स्वतःही दात दाखवले. सर हसले नाहीत. पिंजऱ्याचा कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"साहेब, कवितेखाली काहीतरी संदेश लिहावा लागतो," सर न्यायाधीशांना म्हणाले. "नुसतं 'एका माणसानं बूट घातले' असं लिहून मुलं पास होत नाहीत. म्हणून संदेश घालतो. सगळ्याच कवितांना घालतो. पावसाच्या कवितेखालीसुद्धा 'कवी इथे समाजाला जागं करतो' असं लिहिलंय. बघा हवं तर."

मंगळवेढेकरांनी पान उलटलं. तसं लिहिलेलं होतं.

"आम्हालाही असलंच पाठ करायला लावलं होतं," न्यायाधीश कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. मग टायपिस्टकडे वळून, "हे लिहू नका."

बिराजदारबाईंनी माझ्याकडे पाहून पापण्या मिटल्या. काम झालं, असा त्याचा अर्थ होता. मलाही तेच वाटलं.

मंगळवेढेकर मात्र खाली बसले नाहीत. गाईड बंद करून त्यांनी काखेत घेतलं आणि ते मऊ आवाजात म्हणाले, "शेवटचा प्रश्न, प्राध्यापकसाहेब. मुलांचं राहू द्या. तीस वर्षं आपण स्वतः वाचताय. आपल्यावर काय परिणाम झाला?"

बाई हरकत घ्यायला अर्ध्या उठल्या. न्यायाधीशांनी हातानं बसा म्हणून खूण केली. त्यांनाही उत्तर हवं होतं बहुतेक.

सरांनी त्या लाखेच्या गाठोड्याकडे पाहिलं.

"मी गाईड लिहिलं," ते म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं, "लिहा. माझ्यावर कोणताही विशेष परिणाम झालेला नाही." खटखट झाली. मंगळवेढेकर बसले.

साक्षीचा कागद यंत्रातून काढून सरांपुढं सहीला ठेवला. सरांनी खिशातून पेन काढलं. तेवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला.

"साहेब, मला बोलायचंय."

"काही बोलायचं नाही," बिराजदारबाई वळून म्हणाल्या. "सुदाम, गप बस."

"तुझा जबाब मागेच झालाय," न्यायाधीश म्हणाले.

"तेव्हा सर असं बोलले नव्हते."

न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं, चष्म्यावरून सुदामला पाहिलं. "बोल. थोडक्यात."

"सर खोटं बोलतायत, साहेब. माझ्यासाठी बोलतायत, मला कळतं. पण ते खोटं आहे."

"आरोपीची मनःस्थिती ठीक नाही," बाई म्हणाल्या.

"ठीक आहे, मॅडम. तुम्ही माझ्यासाठी लई केलं. पण मला सांगू द्या." तो घाईत नव्हता. "मी वाचायला लागलो तेव्हा लोक बसलेले होते. वाचून झालं तेव्हा उभे होते. मधे दुसरं काही झालं नाही. मी चला म्हटलं नाही, घोषणा दिली नाही. पुढाऱ्यांनी दोन तास घोषणा दिल्या, तेव्हा कुणी बूड उचललं नव्हतं. ती कविता संपली, आणि आमच्या खात्यातला एक म्हातारा जॉबर, म्हणजे मुकादम, काही न बोलता खाली वाकला आणि चपला घालायला लागला. मग त्याच्या शेजारचा. मी बघत होतो. मला इतका आनंद झाला होता, साहेब, की मी कुणाला थांबवलं नाही."

चंद्राबाईनं पदर पुन्हा तोंडाशी नेला होता.

"बसप्पा आत झोपतो ते मला माहीत होतं," सुदाम म्हणाला. "रात्रपाळीला तो मला गोदामाच्या दाराशी चहा द्यायचा, त्याच्या जर्मलच्या वाटीत. कानानं कमी ऐकायचा. मला वाटलं, लोक गेटाच्या आत जाऊन परत येतील. ते परत आले नाहीत. आता सर म्हणतात, ती ऐकून कुणी काही करत नाही. तुम्ही तसं लिहून घेतलं. मग बसप्पा कशानं मेला? कशानं तरी मेला असेल ना, साहेब. कुणीच काही केलं नाही, कशानंच काही झालं नाही, असं लिहिलं तर तो मेलाच नाही म्हणा."

टायपिस्टची बोटं वर धरलेलीच राहिली होती. त्याला कुणी लिहा म्हटलं नव्हतं.

"तू काय बोलतोयस ते तुला कळतंय का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कळतंय."

"यानं तुझं नुकसान होईल."

"होय साहेब."

बिराजदारबाई खाली बसल्या. बसल्या म्हणजे बाकानं त्यांना घेतलं. मग पुन्हा उठून त्या म्हणाल्या, "साहेब, आरोपी तरुण आहे, भावनेच्या भरात आहे. कवितेचा परिणाम काय होतो हे सांगायला तो तज्ज्ञ नाही. तज्ज्ञ साक्षीदार पिंजऱ्यात आहेत आणि त्यांचं म्हणणं कागदावर आलेलं आहे. फक्त सही बाकी आहे."

मुद्दा चोख होता. आज इतक्या वर्षांनीही मला वाटतं, तिथं त्यांनी जवळजवळ सगळं परत ओढून आणलं होतं. न्यायाधीशांनाही कदाचित तेच हवं होतं. ते सरांकडे वळले. "साक्षीदार, आपल्या जबानीत काही बदल करायचा आहे? नसेल तर सही करा."

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. सकाळपासून सर तो शब्द चांगला म्हणत होते.

सरांचं पेन कागदाला टेकलेलं होतं. त्याखाली शाईचा ठिपका मोठा होत होता. ते सुदामकडे पाहत होते. त्यांच्याकडे तपासायला आलेल्या हजारो उत्तरपत्रिका मी पाहिल्यात, गठ्ठे उचलण्याचं काम माझंच असायचं. सर पान उलटायचे, लाल पेन्सिलनं आकडा टाकायचे, पुढची घ्यायचे. चेहऱ्यावर कसलाच भाव नसायचा. कारण प्रत्येक पानावर त्यांचंच गाईड त्यांना परत आलेलं असायचं, चुकांसकट.

"साक्षीदार," न्यायाधीश म्हणाले.

"साहेब," सर म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आहे."

"सर," बिराजदारबाई म्हणाल्या. एवढंच.

"म्हणजे आपलं चूक?"

"हो."

"आपण शपथेवर आहात. मघाशी आपण सांगितलंत, ही कविता ऐकून मनुष्य काही करत नाही."

"ते बाकीच्यांचं. यानं ऐकली."

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग टायपिस्टला म्हणाले, "नवीन कागद घ्या. लिहा. आरोपीचे म्हणणे बरोबर आहे."

टायपिस्टनं कागद घातला, रूळ फिरवला आणि लिहिलं. मंगळवेढेकरांनी ते गाईड बॅगेत टाकलं, त्याची आता गरज नव्हती. सरांनी सही केली. पूर्ण नाव, खाली एमए, बीटी.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. सुदामला सात वर्षं झाली. निकालपत्रात सरांच्या साक्षीला एक स्वतंत्र परिच्छेद होता आणि त्यात त्यांना 'या क्षेत्रातील अधिकारी व्यक्ती' म्हटलं होतं. विद्यापीठानं त्यांना तसं कधी म्हटलं नव्हतं. पण निकाल लागला तो मला त्या दुपारीच लागल्यासारखा वाटतो, आणि तो लागल्याचं सगळ्यांत आधी ज्या माणसाला कळलं ती चंद्राबाई.

बाहेर व्हरांड्यात वकिलांची, पक्षकारांची ये-जा चालू होती. बिराजदारबाई आमच्याशी न बोलता दुसऱ्या कोर्टात निघून गेल्या. सुदामला मागच्या दारानं गाडीकडे नेलं. सर थोडं पुढं, एका खांबाशी उभे होते. चंद्राबाई माझ्याजवळ आली.

"आता सुटत न्हाई ना त्यो?"

"अपील करता येतं, मावशी. वर आणखी कोर्टं आहेत."

"हं." तिनं अपील जागच्या जागी मिटवून टाकलं. "त्याचं मी काय म्हनत न्हाई. त्यो तसलाच हाय. ल्हानपनी शेजारच्यांची चिमनी फोडली तर आपनच जाऊन सांगून आला, आन् मारबी खाऊन आला. बसप्पाला त्यो काका म्हनायचा. त्याला झोप लागंना झाली व्हती आत, मला भेटीला सांगत व्हता."

"हो."

"मला मास्तरांचं इचारायचंय तुमाला. तुमी त्यांच्याबरूबर असता."

"काय?"

"तितं हुबं राहून हसत का व्हते?"

"हसत नव्हते, मावशी. त्यांना फार वाईट वाटलंय. तीस वर्षांची नोकरी, असं कोर्टात..."

"मी म्होरंच बसले व्हते," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "माजं पोरगं बोलत व्हतं, आन् मी मास्तरांकडं बघत व्हते, ते काय करत्यात म्हनून. आदी डोळं भरलं त्यांचं. मग हसलं. पोरगं पास झाल्यावर बाप हसतो तसं."

मी सरांकडे पाहिलं. लग्नाच्या कोटात ते ताठ उभे होते आणि ती म्हणत होती ते चेहऱ्यावरून अजून पुरतं गेलेलं नव्हतं. मी त्यांच्याबरोबर पुढं आणखी बरीच वर्षं काढली, ते निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही. तसा चेहरा परत पाहिला नाही.

सरांनी आम्हाला पाहिलं आणि ते आमच्याकडे आले. चंद्राबाईसमोर उभे राहिले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, आणि ते चांगलं बोलणारे गृहस्थ होते, चाळीस मिनिटं न थांबता बोलू शकायचे.

"चंद्राबाई," ते म्हणाले, "तुमच्या मुलानं आज..."

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. भाकरीचं फडकं या काखेतून त्या काखेत घेतलं. पोलिसांची गाडी सुटायच्या आत तिला ते पोचवायचं होतं.

"घरी जावा मास्तर," ती म्हणाली. "तुमचं झालं."